नोकरी शोधणाऱ्यांची ओळखदेख

नोव्हेंबर २०२४ मधील एका शनिवारी शब्बाथ सुटल्यावर आम्ही टेलिफोन हाती घेतला, तो जर्मनीतील गेर्लिंगेन गावाहून आमच्या भाच्याचा निरोप येऊन पडला होता. "मामा, आमच्या विभागातल्या बऱ्याच लोकांना नोटीस मिळाली. त्यांत माझेही नाव आहे. फेब्रुवारीअखेर शेवटचा दिवस. आईला इतक्यात कळवू नका." आम्ही आईला, म्हणजे ठाण्यास असलेल्या आमच्या धाकट्या बहिणीला, कळविले नाही. आम्ही केले ते याहून वाईट. भाच्याने पूर्वी कधी तरी पाठविलेला बायोडाटा आमच्याजवळ होता. "होतकरू मुलगा आहे, नोकरी गेली आहे, समाजाने हातभार लावावा" अशी ओळ वर लिहून तो आम्ही व्हॉट्सअॅपवरील अकरा गटांवर धाडला. अश्दोद, लोद, बेर्शेबा आणि दिमोना येथील आपल्या मंडळींचे गट, ठाण्याच्या शाळेतील जुन्या सहकाऱ्यांचा गट, अध्यापक विद्यालयातील आमच्या तुकडीचा गट, एक कीर्तन मंडळ, आणि बाकीचे कोणते ते आता आठवत नाही.

रविवारी सकाळी सात वाजता बहिणीचा टेलिफोन आला. पुढील संभाषण छापण्याजोगे नाही.

त्या अकरा गटांवरून आम्हांस काय मिळाले, त्याचा हिशेब आम्ही शिक्षकी सवयीने ठेवला आहे. जोडलेल्या हातांची चित्रे पुष्कळ मिळाली. आशीर्वाद मिळाले. तीन घरांतून "मुलगा लग्नाचा आहे काय?" अशी विचारणा झाली. नोकरीची बातमी एकही आली नाही. मात्र पाचव्या दिवशी युरोपातील भरती अधिकारी म्हणविणाऱ्या एका अपरिचिताने भाच्यालाच गाठले. त्याच्याविषयी पुढे लिहू.

समाजबंधू-भगिनींनो, आज हे हसून सांगता येते. त्या आठवड्यात हसू येत नव्हते. आपल्या घराघरांतील मुले आता नोकरी शोधतात ती वर्तमानपत्रांच्या जाहिरातींतून नव्हे, तर समाजमाध्यमांतून. आम्हां वडीलधाऱ्यांचा त्यांत हात लागतो तो बहुधा असाच, आमचा लागला तसा. आमचा आक्षेप ह्या साधनांवर नाही. आपण ती ज्या रीतीने वापरतो त्या रीतीवर आहे. आपण आपल्याच माणसांना विचारतो, सर्वांना एकदम विचारतो, आणि नेमके काय हवे ते कोणालाच सांगत नाही.

गेर्लिंगेन हे नाव वाचकांपैकी थोड्यांच्याच कानांवर असेल. श्टुटगार्ट शहराच्या पश्चिमेस अगदी लागून वसलेले, सुमारे वीस हजार वस्तीचे हे गाव. श्टुटगार्टच्या सहा क्रमांकाच्या ट्रॅमचा शेवटचा थांबा. गावावरच्या शिलरहोए टेकडीवर बॉश ह्या जगप्रसिद्ध कंपनीचे मुख्य कार्यालय आहे. नाशिकच्या वाचकांना ‘मायको’ म्हटले की उलगडा होईल. ती बॉशचीच भारतीय कंपनी, १९५१ साली स्थापन झालेली आणि २००८ पासून बॉश ह्याच नावाने चालणारी. नाशिकचा मायको सर्कल मात्र अजून मायको सर्कलच आहे. जर्मनीचे नाव निघताच ज्यांच्या कपाळावर आठी पडेल त्यांचीही आम्हांस जाणीव आहे. ह्याच कंपनीने युद्धकाळात सक्तीच्या मजुरांकडून काम करून घेतले, आणि ह्याच कंपनीचे त्या वेळचे प्रमुख हान्स वाल्झ ह्यांनी यहुद्यांना साह्य केले म्हणून याद वाशेमने १९६९ साली त्यांचा गौरव केला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आमचा भाचा तेथे गेला तो पगारासाठी आणि यंत्रांच्या आवडीपायी.

भाच्याची कंपनी बॉश नव्हे. मोटारींचे विद्युत भाग करून मोठ्या कारखान्यांस पुरविणारी ती एक लहान कंपनी; नाव देण्याचे प्रयोजन नाही. परंतु मोठ्या झाडाची फांदी हलली की खालची पाखरे उडतातच. नोव्हेंबर २०२४ मध्येच बॉशने सुमारे साडेपाच हजार जागा कमी करण्याचा बेत जाहीर केला होता. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी सुमारे तेरा हजारांचा आकडा आला, आणि त्यांत गेर्लिंगेनच्या शेजारची फॉयरबाख व श्वीबर्डिंगेन ही गावे आहेत. आपल्या नात्यागोत्यांतील आणखी काही मुले ह्याच पट्ट्यात आहेत. म्हणून हा लेख.

परदेशी माणसाची नोकरी जाते तेव्हा केवळ पगार जात नाही. भाचा तेथे ‘ब्लू कार्ड’ ह्या परवान्यावर होता. नोकरी सुटल्यास दुसरी शोधण्यास अशा माणसाला साधारण तीन महिन्यांची सवड मिळते. सत्तावीस महिने नोकरी आणि प्राथमिक जर्मन भाषा एवढ्यावर कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. भाषेची बी-१ ही वरची पातळी गाठली असल्यास एकवीस महिनेच पुरतात. भाच्याचे एकवीस महिने झाले होते. जर्मन भाषेचा संध्याकाळचा वर्ग मात्र त्याने अकरा आठवड्यांनी सोडून दिला होता, "ऑफिसात सगळे इंग्रजीतच चालते" म्हणून. त्या वर्गाची गोष्ट शेवटी येईल.

हनुक्काच्या सुटीत आम्ही त्याच्याकडे गेलो. त्या वर्षी हनुक्का आणि नाताळ एकाच दिवशी लागले होते. गावातील कार्यालये बंद, दुकाने बंद, बाहेर कडाक्याची थंडी. रोजगार कार्यालयात नाव नोंदविण्याचे काम त्याने आधीच उरकले होते, ही समाधानाची गोष्ट. कारण तेथे नोकरी संपण्याच्या किमान तीन महिने आधी, आणि मुदत त्याहून कमी असल्यास कळल्यापासून तीन दिवसांत, ही नोंद करावी लागते. पुढचे आठ दिवस आम्ही दोघे स्वयंपाकघरातील मेजाशी बसून त्याचे लिंक्डइनचे पान पाहत होतो. आम्हांस यंत्रांतले काही कळत नाही. परंतु तीस वर्षे मुलांचे निबंध तपासले आहेत, तेवढे पुरले.

प्रथम थोडे मागे जाऊ. आपल्या वाडवडिलांनी नोकऱ्या कशा मिळविल्या ते आठवून पाहावे. मुंबईस कोणी रेल्वेत, कोणी पोस्टात, कोणी गोदीत वा इस्पितळात चिकटला, आणि मग त्याने कुलाबा जिल्ह्यातल्या पुतण्याला बोलावून साहेबापुढे उभे केले. मुलाच्या खिशात ओळखीची चिठ्ठी असे. चिठ्ठी देणारा आपल्या अब्रूची हमी देत असे, म्हणूनच ती चालत असे. वाटेल त्याला चिठ्ठ्या वाटणाऱ्याची चिठ्ठी साहेब पाहतही नसे. इस्राएलात आल्यावर ‘प्रोटेक्सिया’ हा शब्द उलपानमध्ये शिकविण्याआधीच आपल्या मंडळींना कळला. १९५९ च्या कायद्याने कामगारांची नोंदणी सरकारी रोजगार सेवेकडे आली, तरी वशिला उरलाच. येथे त्याला थट्टेने ‘व्हिटॅमिन पी’ म्हणतात. जर्मन लोकांची थट्टाही अशीच आहे. ते ‘व्हिटॅमिन बी’ म्हणतात. संबंध ह्या अर्थाच्या ‘बेत्सीहुंगन’ शब्दाचे ते आद्याक्षर.

तेव्हा ओळखीने नोकरी मिळते ही गोष्ट लिंक्डइनने शोधून काढलेली नाही. प्रश्न कोणत्या ओळखीने, हा आहे. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर ह्यांनी १९७३ साली ह्या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावी नोकरी बदललेल्या लोकांकडे त्यांनी चौकशी केली होती. ज्यांना ओळखीच्या माणसाकडून नोकरी कळली, त्यांपैकी सहांत एकालाच ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना ती अधूनमधून भेटणाऱ्यांकडून, किंवा वर्षाकाठी एखादे वेळीच दिसणाऱ्यांकडून कळली. "मित्राने सांगितले काय?" असे विचारले तर लोक त्यांचे वाक्य दुरुस्त करीत: मित्र नव्हे, ओळखीचा.

ह्याचे कारण आमच्या अकरा गटांत उघड दिसते. त्या गटांतील माणसे मोजली तर हजारावर भरतील. परंतु अश्दोदच्या गटातले अर्धे लोदच्या गटात आहेत, आणि उरलेल्या अर्ध्यांच्या सुना तेथे आहेत. एकाला जे ठाऊक ते साऱ्यांना ठाऊक. एकाला जे ठाऊक नाही ते कोणालाच नाही. जिवाला जीव देणारी ही माणसे आहेत, आजारपणात आणि मलिद्याच्या ताटाशी तीच लागतात. श्टुटगार्टजवळच्या कारखान्यात कोणती जागा रिकामी होणार आहे, हे त्यांना कोठून कळावे? तेथे उपयोग होतो तो वेगळ्या वर्तुळात वावरणाऱ्या, तुटपुंज्या ओळखीच्या माणसाचा.

ह्याच विचाराची तपासणी पुढे लिंक्डइनवरच झाली. २०२२ साली ‘सायन्स’ ह्या नियतकालिकात तिचा वृत्तान्त आला. सुमारे दोन कोटी सभासदांवर पाच वर्षे चाललेल्या त्या प्रयोगांतून असे दिसले की नोकरी बदलण्यास बेताच्या दूरच्या ओळखी सर्वांत उपकारक ठरतात. अगदी जवळच्या नव्हेत, आणि ज्यांच्याशी काहीच धागा नाही अशाही नव्हेत. आणखी एक गोष्ट त्यांत आढळली, ती आम्हांस विशेष वाटली. ज्या धंद्यांत संगणकाचे काम थोडे, तेथे जवळच्या माणसाचाच उपयोग अधिक होतो. म्हणजे आपल्या वाडवडिलांचा अनुभव खोटा नव्हता. त्यांच्या कामांना तो लागू होता, भाच्याच्या कामाला नाही.

आता त्याच्या पानाकडे वळू. नावाखाली त्याने इंग्रजीत लिहिले होते: मेहनती, प्रामाणिक, सांघिक वृत्तीचा अभियंता, नव्या आव्हानांच्या शोधात. आम्ही विचारले, "तुझ्या विभागात आळशी आणि अप्रामाणिक असे कोणी स्वतःबद्दल लिहिले आहे काय?" विशेषणे ज्याची त्याने स्वतःस लावायची नसतात. आत्मस्तुतीची लाज आपल्या घरांतून लहानपणीच लावली जाते, आणि ती बरी आहे. पण त्या लाजेपोटी मुले दोन टोकांना जातात. एक तर काहीच लिहीत नाहीत, नाही तर दुसऱ्यांची पोकळ वाक्ये उतरून काढतात. केलेले काम सांगणे ही आत्मस्तुती नव्हे. बऱ्याच उलटतपासणीनंतर भाच्याने सांगितले की मोटारीच्या विद्युत भागाच्या एका चाचणीस तीन दिवस लागत. त्याने जुळणी बदलून ती एका दिवसावर आणली. "हे कोठे लिहिले आहेस?" "कोठेच नाही, मामा. ते माझे कामच होते." ते वाक्य आम्ही सर्वांत वर घालावयास लावले. पुढे मुलाखतीत त्याला पहिला प्रश्न त्यावरच आला.

नोकरी हवी असल्याचे दर्शविण्यासाठी छायाचित्राभोवती हिरवी कड लावण्याची सोय त्या माध्यमात आहे. ती कड सर्वांना दिसते. ही खूण केवळ भरती करणाऱ्यांनाच दिसावी अशीही सोय आहे, हे पुष्कळांस माहीत नसते. भाच्याने दुसरी निवडली. नोकरी जाण्यात लाज नाही असे आम्ही त्यास परोपरीने सांगितले, पण आम्ही अकरा गटांवर डांगोरा पिटून आलेले. आमच्या बोलण्याला वजन कितीसे राहणार? जर्मनांचे स्वतःचे असेच एक माध्यम ‘झिंग’ नावाचे आहे, २००३ साली हाम्बुर्ग येथे निघालेले. नावावरून वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. त्यावर नुसते नाव ठेवण्यास हरकत नाही. एवढे झाल्यावर दिवसभर ते पान उघडून बसण्याची गरज नसते. आठवड्यातून दोनदा आपल्या विषयातील एखाद्याच्या लेखाखाली कामाचे चार शब्द लिहावेत. "अभिनंदन" हा कामाचा शब्द नव्हे.

खरी मेख पत्रात आहे. भाच्याने आमच्या आगमनापूर्वी १४० अनोळखी लोकांना एकच मजकूर धाडला होता: "महोदय, मी नोकरीच्या शोधात आहे. सोबत बायोडाटा. योग्य जागा असल्यास कळवावे." तिघांची उत्तरे आली, तिन्ही नकाराची. अध्यापक विद्यालयात आम्हांस पाठाचे टाचण काढावयास शिकविले तेव्हा पहिले सूत्र होते, ज्ञाताकडून अज्ञाताकडे. विद्यार्थ्यास जे ठाऊक आहे तेथून आरंभ करावा, मग हेतुकथन, मग नवा भाग. अपरिचितास पत्र लिहिण्याची रीत ह्याहून निराळी नाही. त्याला आणि आपल्याला दोघांना ठाऊक असलेली एक गोष्ट प्रथम लिहावी. मग एका वाक्यात आपण कोण आणि काय करतो. मग एकच प्रश्न, ज्याचे उत्तर त्याला पाच मिनिटांत देता येईल. "नोकरी द्या" ह्याचे उत्तर पाच मिनिटांत देता येत नाही, म्हणून माणूस देतच नाही. "आपल्या कंपनीत चाचणी विभागात कोणती उपकरणे वापरतात? मला ती शिकून घ्यावयाची आहेत" ह्याचे देता येते, आणि आपल्या कामाविषयी बोलणे कोणाला आवडत नाही?

बायोडाटा पहिल्या पत्रासोबत जोडू नये असे आमचे मत झाले आहे. चहाला बोलाविलेल्या पाहुण्याने येताना बिछाना आणू नये, तसे ते आहे.

मग आम्ही भाच्याकडून साठ नावांची यादी करविली. अट अशी की माणूस एकदा तरी प्रत्यक्ष भेटलेला असावा, आणि गेल्या वर्षभरात त्याच्याशी बोलणे झालेले नसावे. पुण्याच्या महाविद्यालयातील दोन वर्षे पुढची मुले, जुन्या कंपनीतून निघून गेलेले सहकारी, घरमालकाचा जावई, गणेशोत्सवात पंगतीस शेजारी बसलेला एक कोल्हापूरकर, भाषेच्या वर्गातील मंडळी. साठांपैकी सव्वीस जणांनी उत्तर दिले. १४० पैकी तीन आणि ६० पैकी सव्वीस, ह्याची टक्केवारी वाचकांनीच काढावी.

येथे आपल्या समाजाजवळच्या एका ठेवीचा उल्लेख केला पाहिजे. ती म्हणजे आपली आडनावे. पेणकर, किहीमकर, रोहेकर, झिराडकर, अष्टमकर. आपल्या पूर्वजांनी ज्या ज्या गावी घाणे चालविले त्या गावांचा नकाशाच. फॉयरबाख येथील एका मराठी अभियंत्याने, ज्याचा भाच्याशी काडीचा संबंध नव्हता, त्याचे आडनाव पाहून आपण होऊन लिहिले: "आडनाव अलिबागकडचे दिसते, मग पहिले नाव बायबलातले कसे?" भाच्याने शनिवार तेल्यांची सारी कुळकथा लिहून धाडली. पुढच्या रविवारी दोघे चहाला भेटले. त्या गृहस्थाजवळ नोकरी नव्हती, पण त्याने एक गोष्ट सांगितली जी आमच्या हजार समाजबांधवांना ठाऊक नव्हती: नोकरी संपण्याची वाट पाहू नकोस, कामाचे मध्यंतरीचे प्रमाणपत्र आजच मागून घे.

हे प्रमाणपत्र हा जर्मनीतील एक अजब प्रकार आहे. तेथील कायद्याप्रमाणे नोकरी सोडणाऱ्यास मालकाने कामाचे लेखी प्रमाणपत्र दिलेच पाहिजे. ते खरे असावे लागते आणि सद्भावनेचेही असावे लागते, म्हणून वाईट काहीच लिहिता येत नाही. परिणामी तेथे एक गुप्त बोलीच तयार झाली आहे. "सदैव आमच्या परिपूर्ण समाधानाप्रमाणे काम केले", आणि त्या ‘परिपूर्ण’ शब्दाचेही श्रेष्ठत्वदर्शक रूप घातले, तर पहिला वर्ग. त्यातील ‘सदैव’ गळाले, किंवा ‘परिपूर्ण’चा जोर कमी झाला, की माणूस एकेक पायरी उतरतो. नुसतेच "समाधानाप्रमाणे" म्हणजे काठावर पास. आणि "त्याने प्रयत्न केला" असे लिहिले तर तो नापास. प्रगतिपुस्तकावर "अधिक लक्ष दिल्यास सुधारणा होईल" हा शेरा आम्ही वर्षानुवर्षे लिहिला, आणि पालकांनी तो कौतुक समजून घरी नेला, त्याची आम्हांस आठवण झाली. लिंक्डइनवर स्नेही मंडळी एकमेकांची तोंडभर स्तुती लिहितात. तेथील मालक ती वाचून सोडून देतो आणि हे प्रमाणपत्र मागतो. पानावरच्या तारखा आणि प्रमाणपत्रावरच्या तारखा जुळल्या पाहिजेत, एवढे मात्र पाहावे. भाच्याच्या एका तारखेत दोन महिन्यांची तफावत होती. निव्वळ निष्काळजीपणा, पण परक्या डोळ्यांस तो लबाडी दिसला असता.

आता त्या भरती अधिकाऱ्याविषयी. त्याने भाच्याला व्हॉट्सअॅपवर लिहिले की तुमचा बायोडाटा पसंत पडला आहे, मुलाखतीची गरज नाही, पारपत्राचे छायाचित्र आणि नोंदणीचे ४०० युरो पाठवावेत. त्याला भाच्याची जन्मतारीख, घरचा पत्ता, वडिलांचे नाव, सारे पाठ होते. का नसावे? आम्हीच ते अकरा गटांवर टाकले होते. जुन्या पद्धतीचा आमचा तो बायोडाटा, जन्मस्थळापासून भावंडांपर्यंत. भाचा तीन रात्री झोपलेला नव्हता. त्याने बँकेचे पान उघडलेही होते. पैसे गेले नाहीत ते केवळ पगार जमा झाला नव्हता म्हणून. खरा मालक नोकरी देताना उमेदवाराकडून पैसे घेत नाही, आणि मुलाखतीवाचून जागा देत नाही.

ठाणे-मुंबईच्या नातलगांस हे आवर्जून सांगावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाचा श्टुटगार्ट ज्याची राजधानी आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार झाला, दहा हजार तरुणांचे उद्दिष्ट जाहीर झाले, आणि जर्मनी हा शब्द घरोघर गेला. जेथे आशा तेथे दलाल. परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाची नोंदणी भारत सरकारच्या ई-मायग्रेट ह्या संकेतस्थळावर पाहता येते. नोंदणीकृत एजंटासही तीस हजार रुपये आणि त्यावरील कर ह्याहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. समाजमाध्यमांवरील नोकरीच्या आमिषाने गेलेल्या आणि म्यानमारच्या सरहद्दीवर ठगांच्या अड्ड्यांत अडकलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना मार्च २०२५ मध्ये वायुदलाच्या विमानांनी परत आणावे लागले. ती मुले अडाणी नव्हती.

एका प्रश्नाचे उत्तर देणे आम्हांस जड गेले. श्टुटगार्टच्या यहुदी समाजात भाचा सणावारी स्वयंसेवक म्हणून काम करतो. हे पानावर लिहावे काय? ऑक्टोबर २०२३ नंतरच्या दिवसांत हा प्रश्न साधा राहिलेला नाही. धर्मावरून भेद करण्यास जर्मनीत २००६ च्या कायद्याने बंदी आहे; पण पान वाचून जो उत्तरच देत नाही, त्याच्यावर कोणता कायदा चालणार? आमची बहीण म्हणाली, काढून टाक. आम्ही म्हणालो, विचार कर. भाच्याने ठेवले. "जो हे वाचून मला बोलावणार नाही, त्याच्याकडे मी आठ तास कसा बसणार?" असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे बरोबर होते असे आम्ही म्हणत नाही. परवान्याचे दिवस मोजणाऱ्या दुसऱ्या एखाद्या मुलाने ते काढून टाकले, तर त्यालाही आम्ही बोल लावणार नाही.

भाषेच्या वर्गाची गोष्ट राहिली. त्या अकरा आठवड्यांत त्याच्या शेजारच्या बाकावर एक तुर्की बाई बसत. जर्मन षष्ठी विभक्तीवरून दोघांनी पुष्कळ हसून घेतले होते; त्यापलीकडे ओळख नाही. साठांच्या यादीत त्यांचे नाव एक्केचाळिसावे होते, आणि भाचा ते गाळणार होता. "त्यांचा मोटारींशी काय संबंध?" संबंध नव्हताच. त्या टुटलिंगेन येथे एका वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत हिशेबनीस होत्या. टुटलिंगेन हे श्टुटगार्टच्या दक्षिणेचे गाव शस्त्रक्रियेच्या हत्यारांसाठी प्रसिद्ध आहे. भाच्याने टाचणाप्रमाणे लिहिले: आधी बाक आणि षष्ठी विभक्ती, मग चाचणी तीन दिवसांवरून एका दिवसावर आणल्याचे वाक्य, मग प्रश्न. त्यांचे उत्तर दोन ओळींचे होते. आमच्याकडे विद्युत उपकरणांच्या चाचणीचा माणूस निवृत्त होत आहे, जाहिरात अजून निघालेली नाही, अमुक गृहस्थांस लिहा आणि माझे नाव सांगा.

मुलाखती तीन झाल्या. तिसरी जर्मन भाषेत होती, आणि ती वाईट झाली. तरी एक वर्षाचा करार मिळाला, एक एप्रिल २०२५ पासून, भाषेचा वर्ग पुन्हा सुरू करण्याच्या अटीवर. मार्च महिना त्याने बेकारीभत्त्यावर काढला. करार पुढे वाढला. बी-१ ची परीक्षा तो दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाला.

नोकरी लागल्याचे वर्तमान त्याने आपल्या आईस स्वतः कळविले, आम्हांस नंतर. सोबत सक्त ताकीद होती की पगाराचा आकडा कोणत्याही गटावर टाकावयाचा नाही. तो आम्ही येथेही देत नाही.